चकलीचा लोगो

उर्वी बारावीला होती आणि तिला क्लायंट मिळत नव्हता.

तिच्या डिझाइनच्या विषयाची अटच तशी होती. खराखुरा माणूस शोधायचा, त्याला काय हवंय ते समजून घ्यायचं आणि त्याच्यासाठी लोगो, पाकीट, पोस्टर असं काहीतरी करून दाखवायचं. उर्वीने वेरिबीतला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या उपनगरातला, एक डान्स स्टुडिओ पटवून ठेवला होता. मग लॉकडाऊन लागला, स्टुडिओला कुलूप पडलं आणि मालकीण आईकडे क्वीन्सलँडला निघून गेली.

"स्पेशलिस्ट मॅथ्स घेतलं असतंस तर क्लायंट लागला असता का?" उल्हास म्हणाला. उल्हास म्हणजे तिचा बाबा, मूळचा पुण्याचा, सध्या जेवणाच्या टेबलावरून एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. त्याच्या मते डिझाइन म्हणजे स्लाइडला मागून निळा रंग देणं. "पायथागोरसला कोणाचा फीडबॅक घ्यावा लागला नाही."

"बाबा, पायथागोरस इज डेड."

शेवटी आईने, शोभाने, तोडगा काढला. "विमलला विचार ना."

विमलमावशी दोन गल्ल्या सोडून राहायची. ती सिटीतल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होती. रेस्टॉरंट बंद पडल्यावर तिने आधी पोटभर झोप काढली, मग पोटभर मालिका बघितल्या आणि मग कंटाळून चकल्या केल्या. जास्त झाल्या म्हणून शेजाऱ्यांच्या दारात ठेवल्या. समोरच्या ऑस्ट्रेलियन कुटुंबाचा मेसेज आला, अजून मिळतील का? बघता बघता आख्ख्या रस्त्याला चकलीचं व्यसन लागलं. मावशी आता साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून विकत होती.

उर्वीने फोनवर रीतसर मुलाखत घेतली.

"मावशी, तुझा टार्गेट ऑडियन्स कोण?"

"ज्याला दात आहेत तो."

"ब्रँडची पर्सनॅलिटी कशी हवी?"

"खुसखुशीत."

"आणि कलर?"

"चकलीला अजून कुठला कलर असतो गं? चकलीचा!"

उर्वी कामाला लागली. तिने चकली बाजूने काढली, खाली रुंद, वर निमुळती, एकावर एक वेटोळी. खमंग तपकिरी रंग. गरमागरम आहे हे कळावं म्हणून वर वाफेच्या वळणदार रेषा. घरात सगळ्यांना आवडला. मावशीला तर इतका आवडला की उर्वीने घरच्या प्रिंटरवर काढून दिलेले स्टिकर तिने त्याच दिवशी पाकिटांना चिकटवले आणि ती पाकिटं विकूनही टाकली.

मग ऑनलाइन वर्गात उर्वीने स्क्रीन शेअर केली.

तिच्या टीचर, मिस डोनेली, एरवी चटकन बोलायच्या. आज त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात लियाम नावाच्या मुलाचा माइक सुरू झाला.

"मिस, इट्स अ पू. अ हॉट वन."

स्क्रीनवरच्या सगळ्या चौकोनांत तोंडं उघडली. उर्वीने लोगोकडे पाहिलं आणि तिला ती वाफाळती शी पहिल्यांदाच दिसली. आता त्यात चकली शोधूनही सापडेना.

गोष्ट इथेच मिटली असती. पण उल्हास चहा घ्यायला उठला होता आणि त्याने ऐकलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांची हाफपँट, अशा थाटात तो कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक्सक्यूज मी! धिस इज चकली. व्हेरी ट्रॅडिशनल. वी ईट धिस ॲट दिवाली!" आणि पुरावा म्हणून त्याने डब्यातली एक काढून कॅमेऱ्याजवळ कराकरा चावून खाल्ली.

शेजारी स्क्रीनवर लोगो तसाच होता, वाफेसकट. वर्ग अक्षरशः खुर्च्यांवरून खाली गेला. मिस डोनेलींनीही कॅमेरा बंद केला, आणि त्या हसत नसाव्यात असं मानायला जागा नव्हती.

उर्वी खोलीत जाऊन बसली ती जेवायलाच बाहेर आली. ताटाकडे बघत म्हणाली, "आय ॲम ड्रॉपिंग इट. तो सब्जेक्टच नको."

हे वाक्य ऐकायला उल्हास वर्षभर टपलेला होता. ऐकल्यावर मात्र त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"सोडायचं-बिडायचं काही नाही."

"तुलाच तर नको होता!"

"मला नको होता, ते माझं मत. तो लियाम हसला म्हणून माझी पोरगी विषय सोडणार? त्याला इतका मान मी देणार नाही."

"हसले ते तुला बघून."

"मग तर मुळीच नाही," उल्हास म्हणाला. शोभाला हसू आवरेना, म्हणून ती वरण आणायला उठली. वरण टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवशी, लॉकडाऊनमध्ये फिरायला मिळायच्या एका तासात, उर्वी मास्क लावून मावशीकडे गेली. मावशी गॅरेजचं दार उघडं टाकून चकल्या तळत होती. घरात वास नको म्हणून तिचं सगळं तळण गॅरेजमध्येच व्हायचं. उर्वी ड्राइव्हवेवर लांब उभी राहिली.

"मावशी, सॉरी. ते स्टिकर काढून टाक. लोकांना ती… शी वाटते."

मावशीने पाकीट हातभर लांब धरलं, मान तिरकी केली. "अगंबाई! आहे की!" आणि कट्ट्याला धरून इतकी हसली की मास्क हनुवटीवर आला आणि घाणा करपला.

उर्वी रडायच्या बेतात होती, पण हसू फुटलं. मग ती तिथेच उभी राहून बघत राहिली. मावशी सोऱ्या दाबत होती. खालच्या चकतीतून पिठाची काटेरी दोरी निघत होती, आणि मावशी ती पटकन तोडायची तेव्हा टोकाला इवलीशी चांदणी दिसायची. उर्वीने फोन काढून फोटोंचा सपाटा लावला. आतापर्यंत तिने चकली आठवणीतून काढली होती.

नवा लोगो वरून पाहिलेल्या चकलीचा झाला, काटेरी रेषेचं एकच वेटोळं, मध्यभागी चांदणी. रंग हळदीचा. मिस डोनेली म्हणाल्या, "नाउ आय वॉन्ट टु ईट इट." लियामनेही अंगठा दाखवला. उर्वीने तो बघितलाच नाही, असं दाखवलं.

क्लायंटने मात्र नकार दिला.

"छान आहे गं, देखणा आहे. पण पाकिटावर जुनाच राहू दे. समोरची पोरं पू-स्टिक्स म्हणून मागतात. दुसऱ्या रस्त्यावरूनही मेसेज यायला लागलेत."

"मावशी, इट्स एम्बॅरसिंग!"

"तुला असेल. मला कोणी चवीला नाव ठेवलेलं नाही."

उर्वी तणतणत मिस डोनेलींकडे गेली. त्या म्हणाल्या, क्लायंट असेच असतात. आता प्रोजेक्टला दोन्ही लोगो जोड आणि कुठला का बरा, ते पटवून दे. उर्वीने पानंच्या पानं लिहिली, निम्मी रागाने, आणि तिला चांगले मार्क पडले. पुढे युनिव्हर्सिटीत डिझाइनलाच ॲडमिशन मिळाली. रेस्टॉरंट पुन्हा उघडलं तेव्हा मालकाने मावशीला बोलावलं. तिने त्याला चकलीचं पाकीट पाठवलं, स्वतः गेली नाही.

ॲडमिशनची बातमी द्यायला उल्हासने पुण्याला भावाला, रविंद्रला, फोन लावला. "चित्रकला नाही रे. डिझाइन. त्यात क्लायंट असतो, रिसर्च असतो, वापरणाऱ्याचा विचार करावा लागतो…" तो बराच वेळ बोलत होता, हातवारे करून.

"हां हां, कळलं," रविंद्र म्हणाला. "वाढदिवसाचे फ्लेक्स."

उल्हासने फोन ठेवून दिला.