कर्ण्याने पुकारलेली नावे

मित्रांनो, माझ्या तोंडात सध्या कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले आहे, तेव्हा बोलणे जरा बसके वाटले तर चालवून घ्या. मी एक जुना कर्णा आहे. सोलापुरात बाळीवेशीत ईरप्पाचे लाऊडस्पीकरचे दुकान आहे, त्याच्या माळ्यावर मी पडून असतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्याच पत्र्याच्या बादल्याही निघत होत्या; मी बादली झालो नाही, एवढीच माझी पूर्वपुण्याई. ईरप्पाने मला आणले, चंदेरी रंग दिला आणि लग्नांच्या कामाला जुंपले. अक्षता पडल्या की आहेर पुकारायचा. "वैरागचे ज्ञानबा माने यांच्याकडून टॉवेल-टोपी," असे ईरप्पाने माईकवर म्हणायचे आणि मी ते आसपासच्या गल्ल्यांना ऐकवायचे. नाव पुकारायचे राहिले तर सोयरे जेवणावरून उठून जात. नाव म्हणजे काय असते, ते मी तिथे शिकलो.

एकदा वळसंगचा चन्नप्पा हत्तुरे स्वतःच्या लग्नासाठी मला ठरवायला आला. हसरा गडी. वायर जोडायच्या आधीच त्याने माझ्यात तोंड घातले आणि आपलेच नाव घेतले. मी घुमलो. "ह्योच पायजे," तो म्हणाला, आणि दुपारच्या एस.टी.ने गावाकडे निघाला.

त्या गाडीत एका माणसाने बॉम्ब ठेवला होता. आता अशाला दहशतवादी म्हणतात, आम्ही बॉम्बवाला म्हणायचो. गाडीतल्या कुणाशी त्याचे वैर नव्हते. सगळ्यांनी भ्यावे, एवढीच त्याची इच्छा होती. चन्नप्पा गेला, त्याच्याबरोबर आणखीही गेले. बॉम्बवाल्याला जन्मठेप झाली. न्याय झाला असे म्हणून लोक आपापल्या कामाला लागले.

सत्त्याहत्तर साली बातमी आली की, त्याला मुदतीच्या कितीतरी आधी सोडले. वर्तणूक चांगली. तुरुंगात त्याने म्हणे गुलाब फार सुरेख फुलवले होते.

सोलापूर खवळले. बाजार बंद, मिलच्या गेटवर सभा, चौकात सभा. मला रिक्षावरून खांबावर, खांबावरून लिंबावर, पुन्हा रिक्षावर. आम्हा कर्ण्यांच्या पोटात एक पातळ पडदा असतो, आवाज त्यावर आपटतो. माझा पडदा रिकाम्या वेळीही थरथरू लागला. अमक्याला आत टाका, अमका मुर्दाबाद. त्या अमक्याचे नाव आज मी घेणार नाही, तेव्हा पोटभर घेतले. विटीदांडू खेळणारी पोरेसुद्धा तेच नाव घेऊन टोला हाणत. एखाद्याचे नाव इतके गाजवायला सिनेमावाल्यांना गावभर पोस्टरे लावावी लागतात. आम्ही ते फुकट केले.

प्रत्येक सभेत पहिल्या खुर्चीवर चन्नप्पाची आई, नागव्वा, बसलेली असे. निषेध समितीचे अध्यक्ष सिद्रामप्पा कापडवाले. माणूस भला, राग खरा.

"अण्णा, म्या दोन शब्द बोलू का?" तिने एकदा विचारले.

"तुमी निस्तं बसा, नागव्वा. तुमाला बगूनच लोकांना चीड येती की."

ती बसली. लोकांना चीड आली.

पुढे गर्दी पातळ होऊ लागली. समितीने शेवटची सभा जाहीर केली. त्या दिवशी नागव्वा लवकर आली. ईरप्पा मला खांबाला बांधत होता.

"ईरप्पा, त्या मुडद्याचं नाव ह्यातनं किती बार घेतलंस रं?"

"लई बार, अक्का."

"आन् माज्या चन्नूचं?"

ईरप्पा गाठ मारत राहिला. गाठ मघाशीच मारून झाली होती.

"आज सभा सरली की समदे घरला जातील. मग कोन घेनार? मला ते बोलू देत न्हाईत. तू तरी घे."

"माईक माज्या हातात निस्ता टेस्टिंगपुरता असतोय, अक्का."

"मग टेस्टिंगला घे."

मैदान भरले. ईरप्पाने माईकवर टिचकी मारली, "हॅलो, हॅलो" म्हटले. पुढचे वन-टू-थ्री काही येईना. कुणाचे नाव पुकारायची त्याला एकच रीत ठाऊक होती, तीच तोंडातून निघाली, थेट लग्नातल्या चालीवर.

"वळसंगचे चन्नप्पा सोमलिंग हत्तुरे यांच्याकडून..."

आणि जीभ अडकली. मागे दोघेतिघे फिसकन हसले आणि गप्प झाले. गेलेल्या माणसाकडून काय पुकारायचे? मी खांबावर आ वासून लटकत राहिलो.

नागव्वा खुर्चीवरून उठली. माईकपाशी आली.

"एक जीव," ती म्हणाली. "फुडचं नाव घे."

पुढचे नाव ईरप्पाला माहीत नव्हते. गर्दीतून एक धनगर म्हातारा उठला. काठी टेकत पुढे आला आणि त्याने ईरप्पाच्या कानात त्याच गाडीत गेलेल्या आपल्या लेकीचे नाव सांगितले.

"मंगळवेढ्याच्या म्हाळसाबाई सिद्धनाथ गडदे यांच्याकडून..."

"एक जीव," नागव्वा म्हणाली.

मग माणसे मागून पुढे येऊ लागली. कुणाचा भाऊ, कुणाचा बाप. प्रत्येक नाव माझ्या पडद्यावर आले तसे मी जपून बाहेर सोडले. सिद्रामप्पांचे भाषण खोळंबले होते. त्यांनी माईकसाठी हात पुढे केला.

"टेस्टिंग चालू हाय, अण्णा," ईरप्पा म्हणाला.

तो हात वर गेला आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

त्या दिवशी भाषण झाले नाही, घोषणाही नाहीत. बॉम्बवाला परत आत गेला नाही. सरकारला धाडलेले निवेदन पोचल्याचे उत्तर मुंबईहून आले, तेवढे समितीने काचेच्या चौकटीत लावले. पुढे दुकानात पेटीसारखे नवे स्पीकर आले आणि मी माळ्यावर गेलो. नागव्वाही आता नाही.

मित्रांनो, मी कर्णा. जो माईक धरील त्याचा. कुणावर रागवा हे मी काय सांगणार? रागवा जरूर, पण सगळा घसा त्या एकाच्या नावावर खर्चून घरी जाऊ नका. आणि कधी माळ्यावर चढलात तर मला फडक्याने पुसा. माशीचे घर हळूच काढा. वायर जोडायची गरज नाही. तोंड आत घाला आणि "चन्नप्पा" म्हणा.

अजून घुमते.