दिसायला स्वच्छ पाणी

मित्रांनो, मी एक जुने चंचुपात्र आहे. चंचुपात्र म्हणजे चोच असलेले काचेचे भांडे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझी भावंडे तुम्ही पाहिली असतील. माझ्या अंगावर पन्नासपासून अडीचशेपर्यंत पांढऱ्या रेघा आहेत. त्यातली शंभराची रेघ अर्धी पुसली गेली आहे आणि चोचीजवळ एक टवका उडालेला आहे. या दोन खुणा सोडल्या तर माझ्यात काही वाईट नाही, असे मला पाहणारा कुणीही म्हणेल. माझा अपराध काचेत दिसत नाही. म्हणून तो सांगावा लागतो.

वाळू वितळवून मला घडवले, रेघा छापल्या आणि पेंढ्यात गुंडाळून बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात पाठवले. तिथे मी चौदा वर्षे काम केले. कितीतरी मुलामुलींनी माझ्यात आम्ल ओतले, मीठ विरघळवले, माझ्याखाली बर्नर पेटवला. काचेच्या भांड्याचे काम सोपे असते. आत जे असेल ते बाहेर दिसू द्यायचे. मी कधी रंग लपवला नाही की माप चुकवले नाही. मी खोटे बोलूच शकत नाही, असा माझा समज होता.

चोचीचा टवका उडाला तेव्हा मला बाद ठरवले. फेकण्यापूर्वी प्रयोगशाळेचे परिचर जीवनभाऊ यांनी सरांना विचारून मला घरी आणले. जीवनभाऊ आठवडाभर प्रयोगशाळेत भांडी धूत, द्रावणे तयार करत. रविवारी मात्र ते चिखलीमार्गे उंद्रीला जात. तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक होते. बुलढाण्यातले जीवनभाऊ उंद्रीत पाळकसाहेब होत.

पाळकसाहेब मनाने निर्मळ होते, पण गोष्ट सांगणे त्यांना जमत नसे. उपदेशात दाखले हवेत म्हणून ते एका जाड पुस्तकातून गोष्टी घेत. त्या पुस्तकात बर्फात हरवलेली माणसे होती, वादळात सापडलेली जहाजे होती. एकदा त्यांनी दीपगृहाची गोष्ट सांगितली. ती संपल्यावर पुढे बसलेल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, ते दीपगृह म्हंजे विजेच्या डीपीवानी असते का? आमच्या शिवारातली डीपी तं आठ दिवसापासून जळेल हाय."

सगळे हसले. मागून त्यांचे यजमान उकंडराव म्हणाले, "गप बस ना व! त्याइले वाटंन, इले काहीच समजत नाही."

"मंग तुमाले समजलं का? सांगा बरं, काय असते?"

उकंडरावांनी टोपी काढून डोके खाजवले. लोक आणखी हसले. पाळकसाहेबही हसले, पण घरी परतल्यावर त्यांनी ते जाड पुस्तक मिटून फळीवर ठेवून दिले.

त्यानंतर त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी दोन लहान बाटल्या भरल्या, एक आयोडीनच्या द्रावणाची आणि एक हायपोची. हायपो दिसायला साध्या पाण्यासारखा असतो, पण आयोडीनच्या पाण्यात पडला की त्याचा रंग क्षणात घालवतो. बाटल्यांवरची लेबले पाळकसाहेबांनी ओल्या फडक्याने सोलून काढली.

त्यांची मुलगी अनुपमा शाळेत विज्ञान शिकवते. तिने ते पाहिले.

"बाबा, लेबलं काऊन काढली?"

"लेबल वाचलं की गोष्ट मरते, पोरी."

"मग शेवटी तरी सांगाल ना, आत काय होतं ते?"

"सांगीन. आधी लोकाइले जागं तं होऊ दे."

मित्रांनो, ते त्यांनी सांगितले नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्यात दीडशेच्या रेघेपर्यंत पाणी घेतले, आयोडीनचे थेंब टाकले आणि पाणी विटकरी झाले. "आपलं मन असं झालेलं असते," ते म्हणाले. मग दुसऱ्या बाटलीतले थोडे ओतले. रंग गेला. "आणि क्षमा अशी असते. सगळं धुऊन निघते, काही म्हणता काही उरत नाही." कुणी झोपले नव्हते. एक लहान मुलगी ओरडली, "अजून एक डाव करा!" अन्नपूर्णाबाई तर उठून जवळ आल्या आणि त्यांनी डोळे बारीक करून माझ्यातून आरपार पाहिले.

माझे कौतुक सुरू झाले. लोक येताना शेजाऱ्यांना घेऊन येत. पिंपळगाव राजाहून निरोप आला, "आमच्या मंडळीलेही ते पानी दाखवा." रंगाचा प्रयोग मी शेकडो वेळा पाहिला होता. प्रयोगशाळेत मात्र त्याला कुणी हात जोडले नव्हते. मला ते आवडू लागले, हे मी कबूल करते.

थंडी सुरू झाली तेव्हा उकंडरावांना क्षय असल्याचे निघाले. वांगी आणि कोथिंबीर लावणारा तो काटक माणूस दोन महिन्यांत वाळून गेला. गावच्या आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंनी त्यांना गोळ्यांची पाकिटे आणून दिली. या गोळ्यांनी लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका, असेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. पण त्या दिवशी अन्नपूर्णाबाई वांगी तोडायला गेल्या होत्या आणि उकंडरावांनी लाजेने ते बायकोला सांगितले नाही. अन्नपूर्णाबाईंनी रंग पाहिला आणि मनाशी ठरवून टाकले की आतला रोग बाहेर पडतो आहे. गोळी घेतली की उकंडरावांना मळमळे, जेवण जाईना.

हे सगळे मला नंतर कळले. त्या रविवारी मला एवढेच दिसले की प्रयोग झाल्यावर पाळकसाहेब दाराशी लोकांसाठी प्रार्थना करत आहेत आणि अन्नपूर्णाबाई टेबलाजवळ एकट्या उभ्या आहेत. त्यांनी पदराखालून एक बाटली काढली. मला दोन्ही हातांनी उचलले, अगदी जपून. "प्रभू, ह्याइच्या अंगातलंही असंच निघू दे," त्या पुटपुटल्या आणि माझ्यातले सगळे पाणी त्यांनी बाटलीत ओतून घेतले. चोचीचा टवका असूनही मी एक थेंब सांडला नाही.

पाळकसाहेब परत आले. मी रिकामे होते. त्यांनी माझ्यात पाहिले, मग दाराकडे पाहिले. "कोनी सांडलं वाटते," ते स्वतःशीच म्हणाले आणि मला पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवले. जमीन कोरडी होती, मित्रांनो. ती त्यांनी पाहिली नाही, की पाहूनही विचारले नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या मंडळीत साक्ष देण्याची रीत आहे. देवाने आपल्यासाठी काय केले ते उभे राहून सर्वांना सांगायचे. पुढच्याच रविवारी अन्नपूर्णाबाई उभ्या राहिल्या. "माया मालकाच्या अंगातून लाल पानी जात होतं. ते साफ झालं. पार साफ. मळमळ थांबली, काल त्याइनं दोन भाकरी खाल्ल्या." लोक "आमेन" म्हणाले. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. कोणते पाणी, कशाने साफ झाले, हे त्यांनी विचारले नाही. इतकी वर्षे द्रावणे करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला हवा होता. उलट पुढच्या रविवारी पिंपळगाव राजाला जाऊन त्यांनी माझ्यातले पाणी दाखवले आणि त्याला जोडून अन्नपूर्णाबाईंची साक्ष गोष्ट म्हणून सांगितली. एवढी रंगलेली गोष्ट त्यांनी आयुष्यात सांगितली नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी उंद्रीत त्या दोघांच्या जागा रिकाम्या होत्या. उकंडरावांना रक्ताची उलटी झाली आणि बुलढाण्याला नेले, असे कुणीतरी सांगितले. पाळकसाहेब उपदेश अर्धा ठेवून निघाले आणि एसटीतून उतरून थेट दवाखान्यात गेले. मी पिशवीत होते. दिसले काही नाही, ऐकले सगळे.

"कधीपासून वाढलं?" पाळकसाहेबांनी विचारले.

"चार दिवस झाले. पानी तं मी रोज देल्लं, साहेब. सकाळी एक चमचा. एक दिवस चुकली नाही."

"कोणतं पानी?"

"तुमचंच. काचाच्या भांड्यातलं. काही उरत नाही म्हनलं होतं ना तुमी?"

पाळकसाहेबांनी पिशवी खाली ठेवली.

"आणि गोळ्या?"

डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला. आत गोळ्या खडखडल्या. आशाताई रिकामी पाकिटे पाहून जात, म्हणून अन्नपूर्णाबाई रोजची गोळी पाकिटातून काढून त्या डब्यात टाकत होत्या. एकोणीस दिवसांच्या गोळ्या होत्या. पाण्याने अंग साफ होत असताना मळमळ आणणारी गोळी कशाला, असे त्यांना वाटले होते. फेकून दिल्या नव्हत्या, कारण सरकारी औषध फेकणे त्यांना बरे वाटले नव्हते.

माझ्यातल्या पाण्याने उकंडरावांना विषबाधा झाली नाही, हे मी नीट सांगते. एका चमच्यात तेवढे काही नव्हते. अपाय झाला तो गोळ्या थांबल्याने. पण गोळ्या थांबल्या त्या माझ्यामुळे. डॉक्टरांनी पाळकसाहेबांना सांगितले की आता सगळे पहिल्यापासून सुरू करायचे, गोळ्यांना जंतू दाद देतात का ते आधी तपासायचे, आणि पुढचे पंधरा दिवस जिवाचे काही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी घरी येऊन मला पिशवीतून काढले आणि अनुपमाला सगळे सांगितले.

"बाबा, हे उंद्रीत सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"लोक म्हनतीन, पाळक नाही, जादूगार हाय."

"म्हणू द्या. अजून कोणी बाटली भरून नेली असेल तर?"

हे त्यांच्या मनात आले नव्हते. त्यांनी मान खाली घातली. मग कागदाच्या दोन चिठ्ठ्या कापून, त्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहून त्यांनी त्या बाटल्यांना चिकटवल्या.

रविवारी उंद्रीला अनुपमाही आली. अन्नपूर्णाबाईंनी बहिणीला दवाखान्यात बसवले होते आणि त्या स्वतः आल्या होत्या. पाळकसाहेबांनी बाटल्या लोकांकडे तोंड करून ठेवल्या, नावे वाचून दाखवली आणि कोणती बाटली काय करते ते सांगितले. "ही गोष्ट होती. औषध नव्हतं," ते म्हणाले. "मी रिकामं भांडं पाहिलं होतं आणि विचारलं नाही. साक्ष ऐकली तेव्हाही विचारलं नाही, कारण ऐकायला गोड वाटत होतं. चूक अन्नपूर्णाबाईंची नाही. माझी आहे."

अन्नपूर्णाबाई उठल्या. उरलेले पाणी त्यांनी बाटलीत जपले होते. ते त्यांनी सर्वांसमोर माझ्यात परत ओतले. "हे आता पुन्हा लाल होते का, दाखवा."

पाळकसाहेबांनी आयोडीन टाकले. पहिले काही थेंब विरून गेले, कारण हायपो अजून शिल्लक होता. अन्नपूर्णाबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा आली. ती मला पाहवली नाही. मग आणखी थेंब पडले आणि रंग आला, आणि तसाच राहिला.

"मंग ह्याइचा लाल रंग काऊन गेला होता?"

उत्तर अनुपमाने दिले, अगदी हळू आवाजात. "मावशी, तो रंग गोळ्यांचा होता. गोळ्या थांबल्या, म्हणून गेला."

"म्हंजे औषध अंगात होतं तवर लाल होतं."

"हो."

"आन् ते अंगातून गेलं म्हून मी पेढे वाटले." त्या खाली बसल्या. कुणी आमेन म्हणाले नाही. थोड्या वेळाने त्या डोळे पुसत म्हणाल्या, "साहेब, आता गोष्ट सांगायची असंन तं आधी मले सांगत जा. मले समजली तं साऱ्याइले समजंन."

पिंपळगाव राजालाही जाऊन पाळकसाहेबांनी आपली गोष्ट परत घेतली. तिथले काही लोक नंतर उपासनेला आले नाहीत. उकंडराव वाचले. जंतूंनी गोळ्यांना दाद दिली. कोर्स पूर्ण झाला आणि रोग गेला, पण उजवे फुप्फुस पहिल्यासारखे राहिले नाही. वांग्यांनी भरलेले कॅरेट उचलले की त्यांना वाफ्याच्या कडेला बसावे लागते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. कुणाला काही समजावताना दाखला जरूर द्या, पण शेवटी त्याला विचारा, तुला काय समजले? आणि तो जे सांगेल ते तुम्हाला गोड वाटले, तर आणखी एकदा विचारा. दुसरे असे की प्रयोगाच्या भांड्यातले पाणी कितीही स्वच्छ दिसो, ते तोंडाला लावू नका. मी हे तेव्हा सांगू शकत नव्हते. तुम्ही सांगू शकता.

आता मी पाळकसाहेबांच्या घरी फळीवर रिकामे असते. दर शनिवारी ते अन्नपूर्णाबाईंना फोन लावतात आणि उद्याची गोष्ट सांगू लागतात. त्या मध्येच अडवतात, विचारतात, कधी "हे नाही जमलं बाप्पा" म्हणून हसतात. मग पलीकडून उकंडरावांच्या खोकल्याची ढास ऐकू येते. पाळकसाहेब बोलायचे थांबतात. ढास थांबते. मग अन्नपूर्णाबाई म्हणतात, "हाव, सांगा पुढं."