माझ्या अंगावरचं ‘वॉकिंग डिस्टन्स’

मी विसरवाडीचा व्हाइटबोर्ड बोलतोय. हायवेवर टायरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत ललित सरांचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास चालतो. तिथल्या भिंतीवर मला टांगलंय. आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे.

सुरतेहून टेम्पोत आलो तेव्हा मी कसा पांढराशुभ्र होतो! लिहायचं, पुसायचं, विषय संपला. मग एक दिवस सरांनी जवळपणा सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या शिकवायला घेतल्या. क्लोज फ्रेंड, नियर रिलेटिव्ह, नेक्स्ट डोअर, नियर फ्युचर, वॉकिंग डिस्टन्स. आणि लिहिल्या कशानं, तर परमनंट मार्करनं. टायरवर नंबर टाकायचा मार्कर वर कोणी आणला, देव जाणे.

फडक्यानं घासलं, रॉकेल लावलं, अक्षरं ढिम्म. “आते हाई कसं पुसावं?” असं म्हणत सर माझ्याकडेच डोळे वटारून बघत होते. जसं काही मीच हट्टानं लिहून घेतलं होतं! शेवटी म्हणाले, राहू द्या, पोरांचं पाठ होईल. तेव्हापासून काहीही शिकवा, ते त्या जोड्यांवरच येऊन बसतं. ‘क्लोज फ्रेंड’च्या खाली तर रोज कोणीतरी कोणाचं तरी नाव लिहून पळतं. वैताग नुसता.

“वॉकिंग डिस्टन्स म्हणजे चालत जाता येईल इतकं जवळ,” सर सांगतात. पोरं घोकतात आणि समोरच्या स्टँडवरून इथवर यायला बाइक काढतात. तरी उशीर तो उशीरच.

वेळेवर यायची ती एकटी काजल. डोंगरातल्या एका पाड्यावरची. पाय घोट्यापर्यंत धुळीनं भरलेले असायचे. आली की आधी माठातलं पाणी प्यायची, मग पुढच्या बाकावर बसायची. ती कुठून येते, हे सरांनी कधी विचारलं नाही. एवढी चौकशी करतील तर ते सर कसले.

हायवेलगत नवा दवाखाना उघडला. काउंटरवर इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. काजलनं माझ्यासमोरच यामिनीला, म्हणजे तिच्या मैत्रिणीला सांगितलं होतं, “ही नोकरी लागली तर आईला यंदा ऊसतोडीला गुजरातमध्ये जावं लागणार नाही.” त्या दिवसापासून माझाही जीव त्या नोकरीत अडकला.

दवाखान्याचे मॅनेजर नवनीतभाई क्लासमध्येच मुलाखत घ्यायला आले. काजल छान बोलली. शेवटी त्यांनी विचारलं, घर कुठे?

“वॉकिंग डिस्टन्स, सर.”

नवनीतभाई खूश. रात्री बोलावलं की लगेच येणारीच मुलगी त्यांना हवी होती. “कोणत्या गल्लीत?”

काजलनं खिडकीबाहेर बोट केलं. “त्या डोंगराच्या पलीकडे. कोंबडा आरवला की निघते, क्लासला पोचते.”

सर इंग्रजीच काय, मराठीही विसरले आणि अहिराणीवर आले. “कितलं दूर शे तुन्हं गाव?”

“दूर नाही, सर. जवळच आहे.”

अहो, ती खोटं बोलत नव्हती. तिच्या पाड्यावर बाजाराला चालत, पाहुण्यांकडे चालत, लग्नाची वरातसुद्धा चालत. संध्याकाळपर्यंत घरी पोचता आलं की ती वाट जवळची. आणि निघताना कोणी ‘लांब’ म्हणायचं नसतं, म्हटलं की पाय जड होतात. पण हे नवनीतभाईंना कोण सांगणार? मला तर बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं ते माझ्या अंगावरचं वाचत बसतात.

“दवाखान्याच्या मागे खोली आहे,” नवनीतभाई म्हणाले. “तिथे राहायला येणार असशील तर नोकरी तुझी.”

काजलनं खिडकीतून डोंगराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, “यस, सर.”

तिची आई, मोतीबाई, यंदा ऊसतोडीला गेली नाही. त्याचा मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू.

परवा काजल पेढे घेऊन आली. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, पाय स्वच्छ. सर म्हणाले, “आता खोलीतून काउंटर म्हणजे नेक्स्ट डोअर! घरी जातेस की नाही?”

“ड्यूटी असते, सर. होळीलाही सुट्टी नाही मिळाली.”

“बरं, घरावर एक वाक्य कर बघू इंग्रजीत.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत वाचलं. जोडी एकही घेतली नाही.

“माय होम इज व्हेरी फार, सर.”

“करेक्ट,” सर म्हणाले. “आता बरोबर बोललीस.”

त्या क्षणी सगळे स्क्रू तोडून त्यांच्या डोक्यावर पडावंसं वाटलं मला. अरे बाबा, पोरीचे पाय जड झाले, आणि तू करेक्ट म्हणतोस?

काजल, माझं ऐक. सरांचं ते ‘करेक्ट’ मनावर घेऊ नकोस. सुट्टी माग, नाही दिली तर भांडून घे. आणि वाटेत कोणी जीप थांबवली तरी चढू नकोस. चालत जा, म्हणजे घर पुन्हा जवळचं होईल.