वीतभर भिंत

“टोक घट्ट धर,” असं म्हणत नवरा टेप ओढत टीव्हीच्या दुसऱ्या कडेला गेला. टेप तिची होती, शिवणकामाची, पिवळी, कडा विरलेली. पंचावन्न इंची म्हणून मांडलेला टीव्ही आडवा मोजल्यावर जेमतेम अठ्ठेचाळीस भरला, तेव्हा त्याने सेल्समनकडे असं पाहिलं, की वाण्याने मापात मारल्यावरही कोणी तसं बघणार नाही.

“साहेब, तिरका मोजतात. खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत.”

“तिरका का म्हणून? मी काय तिरका बसून बघणार आहे?”

सेल्समन हसला. रोज ऐकलेल्या विनोदाला हसतात तसा. तीही हसली, कारण नवरा आज खुशीत होता आणि खुशीत असला की माणूस फार चांगला होता. दुकानात तो जावयाच्या तोऱ्यात शिरला होता. बोनस हाती आला होता आणि त्यातला एक रुपया तो स्वतःवर उडवणार नव्हता. टीव्ही त्याच्या वडिलांसाठी होता. त्यांना जुन्या टीव्हीवरचा स्कोअर दिसेनासा झाला होता, म्हणून मोठा पडदा, म्हणून ही सगळी धावपळ. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

सासरे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते.

घोडं अडलं होतं ते भिंतीपाशी. बाहेरच्या खोलीच्या एका भिंतीला कपाट, एकीला सासऱ्यांची कॉट. तिसरीत दार, आणि दाराशेजारी जुन्याहून थोडाच मोठा टीव्ही मावेल एवढी जागा. उरली खिडकीची भिंत. “खिडकीवरच मारू या,” असं नवरा गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाला होता, मीठ मागावं इतक्या सहज.

खिडकीखाली तिचं शिलाईचं मशीन होतं. पँटच्या उंच्या कमी करणं, चेन बदलणं, शाळेच्या गणवेशांचं काजबटण, असली कामं ती दिवसभर तिथे बसून करायची. समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा, एका झाडाचा शेंडा दिसायचा, आणि एक बाई रोज गाद्या झटकायला यायची, जिच्याशी ती कधी बोलली नव्हती पण जी दोन दिवस दिसली नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं. दिवसभरात तिचं बाहेर जाणं तेवढंच होतं. हे नवऱ्याला सांगून बघितलं होतं तिने. पण तोंडातून निघताना त्याचं नुसतं ‘उजेड जाईल हो’ एवढंच झालं, आणि उजेडाला तो काय, दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट घेऊन आला. चांगली, महागातली.

सासऱ्यांनाही विचारलं होतं. “जशी तुमची सोय,” ते म्हणाले होते, आणि पुढे त्यांनी पानातून डोकं वर काढलं नव्हतं.

“हा बजेटात बसतो,” सेल्समन कडेच्या टीव्हीवर हात ठेवून म्हणाला, “पण खरं सांगतो, समोरून उजेड आला की याचा आरसा होतो. तो पलीकडचा होत नाही, पण त्याची किंमत बघा. तुमच्याकडे खिडकी कुठल्या बाजूला?”

“खिडकी राहतेच कुठे? टीव्हीच खिडकीवर बसतोय.”

“मग प्रश्नच मिटला!”

“बघ,” नवरा तिच्याकडे वळून म्हणाला, “खिडकीने पैसे वाचवले आपले.”

ती टेप बोटांभोवती गुंडाळत राहिली. ज्याच्या त्याच्या तोंडी आनंद होता. आपलाच घास का अडकतोय, हे तिला कोणापाशी बोलता येईना. जुन्या टीव्हीचे काय मिळतील हे विचारायला नवरा सेल्समनबरोबर काउंटरकडे गेला आणि ती सासऱ्यांशेजारी बसली. समोरच्या टीव्हीवर दुकानाची चित्रफीत चालू होती, डोंगर, मासे, फुलं. शेजारच्या टीव्हीवर मॅच होती आणि ऐकू येणारा आवाज मॅचचा होता. चित्रफीत संपली. समोरचा पडदा काळा झाला आणि त्यात ती दोघं दिसू लागली, सोफ्यावर बसलेली.

मॅचमध्ये एकदम आरडाओरडा झाला.

“काय मारला!” सासरे त्या काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले. “बघितलास? किती स्वच्छ दिसतंय नाही!”

तिला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग तिने पडद्यातल्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते हसत होते. अगदी मनापासून.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “हा बंद आहे.”

हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी ते आवरलं, सावकाश, घडी घालावी तसं.

“तो जवळ आहे का?”

“नाही. काउंटरला गेलेत.”

“डॉक्टरकडे मी एकटाच जाऊन आलो होतो. म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते जपा.”

“आहे ते म्हणजे?”

“खिडकी. सकाळी तू पडदा सरकवतेस ना, तेव्हा तिथे पांढरं होतं. त्यावरून मी दार धरतो, कॉट धरतो. बाकी सगळं सवयीने.”

“मग खिडकीवर टीव्ही लावायला हो कसं म्हणालात?”

“नाही म्हणालो असतो तर कारण विचारलं असतं त्याने.” त्यांनी शर्टाची बाही उगाचच सारखी केली. “त्याला सांगू नकोस, पोरी. मागे जिन्यात पडलो तेव्हा काय म्हणाला होता, आठवतंय ना? पुन्हा असं झालं तर बाहेरची किल्ली काढून घेईन. काढून घेईल तो. प्रेमानेच घेईल.”

तिला आठवत होतं. तिने नवऱ्याला तेव्हा दुजोराही दिला होता. सासरे रोज सकाळी रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जायचे. त्यांचे दोन दोस्त तिथे यायचे. तो रस्ता, त्यावरच्या गाड्या, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला म्हाताऱ्याचा मनस्वी राग आला. आपल्याला सांगितलंच कशाला? नवऱ्याला सांगितलं तर खिडकी वाचत होती, आणि हे घरात कोंडले जात होते. नाही सांगितलं तर दोघंही अंधारात, आणि उद्या रस्त्यात काही झालं तर ते तिच्या माथी. काउंटरवर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिने ती उगाचच दोनदा वाचली.

नवरा परत आला तेव्हा त्याच्याबरोबर सेल्समन होता आणि भिंतीवर टीव्ही बसवून देणारा मिस्त्रीही होता. मिस्त्रीच्या कानामागे पेन्सिल होती.

“खिडकीवर बसवायचा म्हणजे आडवी लोखंडी पट्टी मारावी लागेल,” मिस्त्री म्हणाला. “चौकटीला स्क्रू धरणार नाहीत. खिडकीच्या दोन्ही अंगांना पक्की भिंत पाहिजे. निदान सहा इंच. तेवढी आहे का?”

“हिला विचारा. सगळी मापं हिने घेतलीत. आणि हिचं माप कधी चुकत नाही.”

तिघेही तिच्याकडे बघू लागले. एका अंगाला भिंत नऊ इंच होती, दुसऱ्या अंगाला साडेआठ. तिने घेतलेली मापं तिच्या डोक्यात राहायची, गिऱ्हाइकाच्या कमरेपासून पडद्याच्या कापडापर्यंत. चुकीचं माप सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

“चार,” ती म्हणाली.

“चारच?” नवरा म्हणाला.

“एका बाजूला चार. दुसऱ्या बाजूला त्याहून कमी.”

मिस्त्रीने मान हलवली. “चार इंचात नाही धरणार. भिंतीचा टवका निघेल आणि टीव्ही खाली. मी नाही बसवणार.”

“मघाशी सांगितलंत त्या दाराशेजारी त्रेचाळीसचा बसेल,” सेल्समनने तत्परतेने सांगितलं.

नवऱ्याचा चेहरा पडला. लहान मुलासारखा पडला, आणि तिला ते बघवेना. त्याने पंचावन्नच्या कडेवरून हात फिरवला. “आज नको. घरी जाऊन मी स्वतः एकदा मोजतो. चार म्हणजे फारच कमी वाटते.”

तिने टेपची गुंडाळी मुठीत आवळली. घरी गेल्यावर पाच मिनिटांचं काम होतं.

“मोजायचं काय त्यात?” सासरे सोफ्यावरून उठत म्हणाले. “तिचं माप चुकतं का कधी? त्रेचाळीसचा घे आणि चल.”

“पण बाबा, तुम्हाला दिसेल का तो?”

“न दिसायला काय झालं? मघापासून बघतोय मी. स्वच्छ दिसतो.”

ते हे बोलले तेव्हा त्यांचं तोंड दुकानाच्या दाराकडे होतं, जिथून बाहेरचं ऊन आत येत होतं. नवऱ्याने उसासा टाकला, पण मग पाकीट काढलं, आणि मिस्त्रीच्या मागोमाग खोका बघायला गेला. त्रेचाळीसमध्येही चांगला पॅनल मिळतो, असं काहीतरी सेल्समन त्याला सांगत होता.

ती सासऱ्यांना घेऊन दाराकडे निघाली. एरवी ते कोणाचा आधार घेत नसत. आज त्यांनी तिच्या खांद्यावर हात टेकला, हलकाच, बघणाऱ्याला कौतुक वाटावं असा.

“चार म्हणालीस,” ते पुटपुटले.

तिने मुठीतली टेप पिशवीत टाकली.

“चांगली वीतभर आहे गं ती भिंत. रोज सकाळी हाताखालून जाते माझ्या.”

बाहेर रस्ता वाहत होता. तिने त्यांचा हात खांद्यावरून काढला आणि आपल्या हातात धरला.

“पायरी आहे, बाबा,” ती म्हणाली.