तीन स्पॉरन आणि एक चंची

पहाटेच्या धूसर उजेडात कापडी पट्टा कडीतून ओढला जातो, त्याचा एक आवाज असतो. चामड्याच्या पट्ट्यासारखा तो करकरत नाही, बकलासारखा खणखणत नाही. वाळल्या पानांवरून कुणी जपून पाऊल टाकावं तसा सरसरतो आणि थांबतो. मेडनहेडच्या आमच्या घरात कित्येक हिवाळे माझी सकाळ त्या आवाजानं उजाडली. तो ऐकला की हे उठले, आवरून झालं, आता खाली जाऊन चहा टाकतील, एवढं सगळं मला डोळे न उघडता कळायचं.

ह्यांच्या अंगाला चामडं कधी लागलं नाही. पट्टा जाड सुती, पाकीट कापडी, घड्याळाचा पट्टा पोलादी आणि बर्फातसुद्धा पायात रबरी बूट. नव्या नवलाईत मी हौसेनं चामड्याचं पाकीट आणलं, तर ह्यांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं, 'छान आहे' म्हणाले आणि ते टेबलावरच राहू दिलं. मी दोन दिवस फुगून बसले होते. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. आम्हीही बौद्धच, पण माझे वडील चकाकते बूट घालून कचेरीत जात, आणि फरशीवर वाजणारी त्या बुटांची टाच हाच त्यांच्या मते खरा विजय होता. सासरचा विजय निराळा होता. तो कसला, हे मला सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, एका दुपारी अंगणात बसून सांगितलं.

ह्यांच्या आजोबांचं नाव सखाराम. गाव त्यांना सख्या म्हणे. कुणाचं ढोर मेलं की दोर घेऊन जायचं, ते धूड ओढत शिवेबाहेर न्यायचं आणि त्याची विल्हेवाट लावायची, हे काम त्यांच्या वाट्याला जन्मानंच आलेलं. नको म्हणायची सोय नव्हती. दोराचा वळ त्यांच्या खांद्यावर असा उमटला होता की अंघोळ करताना लहानग्या नानांना तो अंगाचाच भाग वाटे. पुढे चळवळीचा निरोप वाड्यावस्त्यांवर पोचला आणि एका सकाळी आजोबांनी दोर ओढ्यात टाकून दिला. वाण्यानं मीठ-तेल बंद केलं, शेतावरची कामं थांबली, घरातली पोरं उपाशी निजली. पण दोर पुन्हा कुणी उचलला नाही. तेव्हापासून ह्या घरात जनावराचं कातडं अंगावर घालायचं नाही, असा नेम झाला. नानांनी तो पाळला आणि ह्यांच्याकडून पाळायचं वचन घेतलं.

इंग्लंडात मात्र ह्या नेमाला नाव उरलं नाही. ऑफिसात कुणी विचारलं की हे हसून म्हणायचे, स्किनची अ‍ॅलर्जी आहे. आपल्या लोकांत तर अधिकच जपून. पिनरला एका बाईंच्या घरी आमचं मराठी मंडळ जमायचं, वरणभाताबरोबर त्या गोड आवाजात विचारायच्या, "तुम्ही मूळचे कुठले हो? आडनावावरून काही पत्ता लागत नाही." हे गावाचं नाव सांगत आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावत. हे भित्रे मुळीच नव्हते. पण आपल्या आजोबांचं नाव कुणाच्या उंचावलेल्या भुवईवर तोललं जावं, हे त्यांना सोसवत नसे. आमच्या लेकीला, सुजातालाही त्यांनी काही सांगितलं नाही. इथं जन्मलेली पोर, तिच्या डोक्यावर कशाला ते ओझं, असं म्हणायचे. ती मात्र लहानपणापासून हुज्जत घालायची, "पप्पा, चिकन चालतो आणि बेल्ट नाही चालत? दॅट मेक्स नो सेन्स!" हे निमूटपणे अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवत.

मला त्या अ‍ॅलर्जीचा मनस्वी राग होता. ज्या गोष्टीपायी पोरं उपाशी निजली, तिला कातडीचा रोग म्हणायचं! मी फणकारायची, हे मान खाली घालून हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पट्टा पुन्हा सरसरायचा.

मग सुजातानं कॅलमशी लग्न ठरवलं. तो स्कॉटलंडचा, पर्थजवळच्या एका गावातला. त्याचे वडील इयन, आमचे व्याही, निवृत्त शाळामास्तर. एकटेच राहणारे, उंचेपुरे आणि बोलण्यात कंजूष. सकाळी त्रिसरण-पंचशील आणि दुपारी त्यांच्या पद्धतीचा विधी, असं ठरलं. दुपारी मुलीचा हात धरून बाप चालत येतो, तेव्हा ह्यांनी किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घागरा, घालावा अशी इयनची फार इच्छा होती. हे आनंदानं तयार झाले. "माझे पाय अजून बरे आहेत," असं मला ऐकवूनही झालं. एक गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही. त्या चुणीदार किल्टला खिसा नसतो. म्हणून कमरेला पुढच्या अंगाला एक बटवा लटकवतात, त्याला स्पॉरन म्हणतात, आणि तो नसला तर तिकडच्या डोळ्यांना पोशाख अर्धाच वाटतो. हा बटवा कातड्याचा असतो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी इयन आमच्याकडे आले. दिवस उतरणीला लागला होता, खिडकीतून आलेला पिवळसर उजेड जेवणाच्या टेबलावर तिरपा पडला होता, आणि त्या उजेडात त्यांनी पिशवीतून एकेक करून तीन स्पॉरन काढून मांडले. एक तपकिरी, रोजच्या वापराचा, कडा झिजून मऊ झालेला. दुसरा काळा, चांदीच्या नक्षीचा. तिसरा सील ह्या समुद्री प्राण्याच्या रुपेरी, केसाळ कातड्याचा, त्यांच्या वडिलांचा. लग्नाकार्यात घालायचा तो हाच. त्याला बारीक कड्यांची साखळी होती.

"हे आमच्या घराबाहेर कधी गेलेले नाहीत," इयन म्हणाले. "गौतम, तुम्हाला आवडेल तो घ्या. तुम्ही आता घरचेच."

"पप्पा, हा सिल्व्हरवाला घ्या ना, इट्स गॉर्जस!" सुजाता म्हणाली. "हात लावून बघा, किती सॉफ्ट आहे तो फर. लेदरसारखा वाटतच नाही."

ह्यांनी हात पाठीमागे बांधले होते. मला पाठीमागचे ते हात दिसत होते. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या मनगटावर आवळली होती. अ‍ॅलर्जी हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. तेवढा एक शब्द उच्चारला असता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. इयननी मान डोलावली असती, सुजातानं डोळे फिरवले असते, चहा निवला नसता. आणि खरं सांगितलं असतं तर एका सज्जन माणसानं आपल्या बापाची वस्तू पुढे केली असताना तिला नको म्हणावं लागलं असतं, आणि का नको, हे लेकीच्या देखत, तिच्या होणाऱ्या सासऱ्यापुढे. पण त्या दिवशी हे खोटं बोलले असते तर मी त्यांना मनातून कधी क्षमा केली नसती, हेही तितकंच खरं.

हे खुर्ची ओढून बसले. "इयन," ते म्हणाले, "माझ्या आजोबांचं नाव सखाराम होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. इंग्रजीतून सांगत होते, सावकाश, तोलूनमापून. मात्र दोरापाशी आले आणि अडले. इंग्रजीतला शब्द त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. पण तो त्यांना घ्यावासा वाटला नाही. 'दोर' असंच म्हणाले, आणि म्हणताना उजवा हात नकळत खांद्यावर गेला. सुजाता त्या हाताकडे बघत राहिली. टेबलावरचा उजेड सरकत सरकत कडेला गेला.

"चामडं वाईट नाही," शेवटी ते म्हणाले. "ते कमावणाऱ्या माणसाचे हात मी डोक्याला लावीन. वाईट होती ती सक्ती."

सुजाताचे डोळे भरले होते. "पण पप्पा, आता तर कोणी फोर्स नाही करत तुम्हाला. यू कॅन चूज."

"तेच तर, बाळा. आता कुणी बळजबरी करत नाही, म्हणूनच हे नको म्हणणं माझं स्वतःचं आहे. आजोबांना ते म्हणायला घर उपाशी ठेवावं लागलं. मला नुसतं तोंड उघडायचं होतं."

इयननी आपल्या वडिलांचा तो रुपेरी स्पॉरन उचलला. दुखावले, आता सगळं पिशवीत भरणार, असं मला वाटलं. पण त्यांनी स्पॉरनची साखळी सोडवली आणि माझ्याकडे कात्री मागितली. साखळीच्या टोकांना चामड्याच्या दोन बारीक पट्ट्या होत्या. त्या त्यांनी कापून काढल्या आणि उरलेली साखळी ह्यांच्यापुढे ठेवली.

"बटवा तुमचा असू दे," ते म्हणाले. "साखळी आमची चालेल?"

ह्यांनी ती उचलून मुठीत धरली. इयन मग दारापर्यंत 'सखाराम, सखाराम' असं पुटपुटत गेले, आपल्या जिभेला ते नाव नीट वळावं म्हणून.

आजोबांच्या कमरेला एक कापडी चंची असे, असं नाना सांगायचे. पानतंबाखूची, कप्प्याकप्प्यांची, नाडी गुंडाळून खोचलेली. तशी चंची मी गडद निळ्या जाड सुती कापडाची शिवली, वर पांढरा धावदोरा घातला आणि वरच्या कोपऱ्यांना साखळी अडकवली. किल्टच्या कडेचे चामडी पट्टे उसवून तिथेही कापड लावलं. शिवताना हे शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते. चष्मा लावूनही त्यांना तो चटकन ओवता येत नव्हता, आणि मी टोमणे मारण्याची संधी काही सोडली नाही.

वसंतातल्या त्या दुपारी लेकीचा हात धरून हे चालत आले. डोंगरावरचं धुकं नुकतं विरलं होतं, हिरवळीवर कोवळं ऊन होतं, आणि पावलागणिक साखळी किणकिणत होती. मी ह्यांना इतकं ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ज्यानं ज्यानं विचारलं, की हा स्पॉरन असा कसा, त्याला त्याला ह्यांनी सांगितलं. पिनरच्या बाईंनीही विचारलं. समोर पाण्याचा ग्लास भरलेला होता, पण ह्यांनी तो उचलला नाही.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. आता पहाट होते ती नुसतीच होते. मी जागी असते, कान त्या आवाजाकडे लागलेले असतात, आणि खिडकीतला उजेड आपल्या गतीनं वाढत जातो. मला त्यांची फार आठवण येते, ह्यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सुजाताला मुलगा झाला. त्याला बघायला हे नव्हते. त्याच्या नामकरणाला इयन आले, तीच पिशवी घेऊन. तिन्ही स्पॉरन नातवासाठी ठेवायचे म्हणाले, आणि थोडं थांबून विचारलं, "चौथा द्याल?" मी नाहीच म्हणणार होते. ह्यांच्या अंगाचा वास असलेलं तेवढंच तर माझ्या कपाटात होतं. वर गेले, चंची छातीशी धरून पलंगावर बसले, मनसोक्त रडले, आणि खाली येऊन ती त्या तिघांच्या शेजारी ठेवली.

कधीतरी तो मुलगा मोठा होईल, त्याच्यापुढे ते चारही मांडले जातील, आणि तीन कातड्याचे असताना हा एकच कापडाचा का, असं तो विचारील. मी तेव्हा असेन किंवा नसेन. सुजाता सांगेल, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, अर्ध्याहून अधिक इंग्रजीत सांगेल, आणि एका शब्दापाशी बापासारखीच अडून उजवा हात खांद्यावर नेईल. पहाटेचा तो पट्ट्याचा आवाज एकट्या माझ्याच कानात उरला आहे, तो माझ्याबरोबर जाईल. दोर हा शब्द मात्र त्या घरात राहील.