शेऱ्याचा रकाना

बाईंनी तक्ता तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा म्हातारीच पहिली आली.

म्हातारी म्हणजे इस्पितळाचा डिझेल जनरेटर. बाहेरची वीज गेली की अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेट्या तिच्यावर चालायच्या. ती ठेवायची, की छतावर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवायच्या, की मागच्या ओढ्यावर छोटं जलयंत्र, की टेकडीवर पवनचक्की? कुठली वीज कितीला पडते आणि कुठली ऐनवेळी दगा देत नाही, हे मांडून द्यायचं काम इंजिनियर बाईंकडे आलं होतं.

बाईंनी पैसे न घेता ते अंगावर घेतलं होतं. सात वर्षांपूर्वी त्यांची मुलगी याच इस्पितळात दोन महिने आधी जन्मली होती आणि एकवीस दिवस पेटीत होती. तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं, परिचारिकांचे हात हातात घेतले, झाडूवाल्या मावशींनाही साडी दिली. तरी उपकार फिटले असं त्यांना कधी वाटलं नाही.

पवनचक्की पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण टेकडीवरचा वारा लहरी होता. ओढा उन्हाळ्यात आटायचा. सौर पॅनेल परवडत होती, पण बॅटऱ्यांची किंमत बघून डोळे पांढरे व्हायची वेळ. डिझेलचं युनिट सगळ्यांत महाग खरं, पण यंत्र दारात उभं होतं आणि वर्षाकाठी चालणार तरी किती तास? शिवाय 'पेट्या कधी बंद राहिल्या नाहीत,' असं सगळ्या परिचारिका छातीठोकपणे सांगत होत्या. भरवशाच्या रकान्यात बाईंनी म्हातारीला दहापैकी दहा देऊन टाकले.

राहिली होती ती फक्त नोंदवही. जनरेटरवाले काका ती देता देईनात. आधी म्हणाले किल्ली सापडत नाही, मग म्हणाले वहीवर तेल सांडलंय. बैठकीच्या आदल्या दुपारी बाई सरळ शेडमध्येच जाऊन बसल्या.

"काका, वही पाहिल्याशिवाय मी उठणार नाही."

काकांनी नाइलाजाने वही काढली. त्यांचा उजवा अंगठा वाकडा होता, त्यामुळे ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून दिली.

वीज गेल्याची वेळ, चालल्याचे तास, डिझेल, सगळं टापटीप. 'स्थिती' या रकान्यात प्रत्येक ओळीला 'चालू'. बाई वही मिटणार, तेवढ्यात शेवटच्या अरुंद रकान्याकडे लक्ष गेलं. शेरा. बहुतेक ठिकाणी कोरा, पण मधूनमधून बारीक अक्षरात लिहिलेलं: 'हँडल.' 'हँडल, दोन मिनिटं.'

"हे काय?"

काका म्हातारीच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिले. "बटणाने नाही उठली कधी, तर हँडल मारून उठवतो. चालू झाल्याशी कारण."

बाईंनी बोट ठेवून मोजलं. चारशे बारा वेळा वीज गेली होती आणि एकतीस वेळा म्हातारीने बटणाला जुमानलं नव्हतं.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तिची बदनामी झाली असती, मॅडम. वीस वर्षं सांभाळलीय तिला. मोडीत काढतील म्हणून वही लपवली." मग म्हणाले, "पण चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय. आज नाही तर उद्या वही द्यावीच लागली असती. नव्या माणसाला ते हँडल जमायचं नाही."

दहापैकी दहा मार्क त्यांनी यंत्राला दिले होते आणि मिळवले होते या माणसाने. हा तक्ता उद्या मंजूर झाला असता, तर चार महिन्यांनी पेट्या कुणाच्या जिवावर चालल्या असत्या?

मग न राहवून त्यांनी सात वर्षांपूर्वीची पानं उलटली. ती दुपार त्यांना पाठ होती. पेटीवरचा दिवा गेला होता, परिचारिकेने पेटीवर पांघरुणं टाकली होती आणि बाई एकेक आकडा मोजत उभ्या होत्या. दोनशे चाळीसच्या आसपास दिवा आला होता. जनरेटरला तेवढा वेळ लागतच असेल, असं त्यांनी तेव्हा धरलं होतं.

तारीख सापडली. स्थिती: चालू. शेरा: 'हँडल, चार मिनिटं. पहिल्या झटक्याला उलटं फिरलं. उजवा अंगठा.'

"काका, अंगठा मोडल्यावरही तुम्ही परत हँडल मारलंत?"

"डाव्या हाताने मारलं. म्हणून तर चार मिनिटं लागली." काका ओशाळले. "एरवी दोनच लागतात."

"त्या दुपारी पेटीत माझी मुलगी होती."

काकांचा फडक्याचा हात थांबला. बाईंनी तो वाकडा अंगठा दोन्ही हातांत धरला आणि सात वर्षांचं राहिलेलं एकदाचं म्हणून टाकलं, "तुमचे फार उपकार आहेत, काका."

दुसऱ्या दिवशी बैठकीत तक्ता नव्याने आला. म्हातारीला भरवशाचे दहापैकी चार. बॅटऱ्यांचा खर्च मोठा असला तरी पेट्यांसाठी तोच करावा, असं बाईंनी ठणकावून सांगितलं आणि तो मंजूर झाला. आकडे कुणाचे, या ओळीत त्यांनी जनरेटरवाल्या काकांचं नाव घातलं.

संध्याकाळी बाई मुलीला घेऊन शेडमध्ये गेल्या. मुलीने अंगठा नीट न्याहाळला, दुखतो का विचारलं, आणि म्हातारीचं बटण दाबायचा हट्ट धरला. म्हातारी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काकांनी वही उघडून वेळ लिहिली, 'चालू' लिहिलं, आणि शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'पेटीतलं बाळ येऊन गेलं. दुसरीत आहे.'