सोन्याचा गुडघा

सांधेदुखीवरच्या पूरक कॅप्सूलांविषयी कोणी माझं मत विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: बहुतेकांचा परिणाम शून्याच्या इतका जवळ असतो, की तो शोधायला रुग्णांपेक्षा संख्याशास्त्रज्ञच अधिक लागतात. हळदीच्या अर्काविषयी थोडा पुरावा आहे, माशाच्या तेलाविषयी थोडा आहे, कोलॅजेनविषयी जाहिराती आहेत. आमच्या राजधानीत, असुन्सिओनच्या विद्यापीठात, मी औषधी रसायनशास्त्र शिकवते. हे वाक्य दरवर्षी वर्गात म्हणते आणि विद्यार्थी हसतात. माझी आई हसत नाही.

"तुझी शून्यं तुझ्याजवळ ठेव, नीदिया," ती म्हणायची. "मला तुझ्या बाबाच्या बोटांसाठी काहीतरी सांग."

बाबा हार्प वाजवायचे. लुके या आमच्या गावातलं एकही लग्न, एकही संताचा सण त्यांच्यावाचून झाला नसेल. आमच्याकडे हार्प नखांनी छेडतात, त्यामुळे इतर पुरुष मिशा जपतात तशी बाबा नखं जपत. मग संधिवात त्यांच्या पेरांत शिरला. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात जाळ उठला, म्हणून त्यांनी त्या सोडल्या आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरही सोडला. हार्पवर चादर पडली. एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी दोन्ही हात आईपुढे धरले आणि म्हणाले, "काप." नेलकटर दाबण्याइतकाही जोर त्यांच्या बोटांत उरला नव्हता. आईने सगळी नखं कापली आणि अंगणात नेऊन टाकली.

त्यानंतर तिच्या बाटल्या सुरू झाल्या. माशाच्या तेलावर बाबांचा अभिप्राय असा होता: "दिवसभर ढेकर देतो आणि प्रत्येक ढेकरेला नदी आठवते." कोलॅजेनची पूड त्यांनी कोंबड्यांना घातली. पुढची बाटली आईने टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी ती एका बोटाने सरकवली. "आभार, ब्रिहिदा."

हा शब्द आमच्या घरात जपून वापरतात. तेरेरेची, म्हणजे थंड पाण्यात भिजवलेल्या पानांच्या पेयाची, फेरी चालू असते, एकाच शिंगाच्या पेल्यातून, एकाच नळीने सगळे आळीपाळीने पितात, आणि पेला परत देताना ज्याने 'आभार' म्हटलं त्याची पाळी पुन्हा येत नाही. शब्द सभ्यतेचा आहे. अर्थ एवढाच, की पुरे.

आईने ती बाटली उचलली.

डिसेंबरातल्या एका रविवारी, काकुपेच्या जत्रेला लोक पायी निघाले होते त्या सुमारास, मी लुकेला गेले. सत्राअखेरच्या परीक्षांमुळे काही आठवडे माझ्या भेटी धावत्याच झाल्या होत्या: आंब्याखाली तेरेरेचे दोनचार पेले आणि परतीची बस. त्या दिवशी फाटकाशी पोचले तर आतून पोल्काची धून ऐकू येत होती. मला वाटलं रेडिओ. पण रेडिओ चुकत नाही, आणि दुसऱ्या वळणावर वाजवणाऱ्याने जी घाई केली, ती मी लहानपणापासून ओळखते.

बाबा अंगणात हार्प खांद्याला टेकवून बसले होते. नखं वाढलेली होती.

"काय डॉक्टरीणबाई?" न थांबता ते म्हणाले. "तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात?"

"उपशम."

"आमच्यात म्हणतात, दुखण्याला लाज वाटली. इतकी वर्षं फुकट राहत होतं, गेलं एकदाचं."

मला रडू आलं, हे नोंदवणं आवश्यक आहे. मी काही क्षण निरीक्षण करण्याच्या अवस्थेत नव्हते. नंतर मात्र डोळे पुसताना दिसलं की त्यांचा चेहरा गोल झाला आहे, पौर्णिमेच्या चंद्रासारखा, आणि गालांवर लाली आहे. दंडावर एक निळा डाग होता. "कुठे आपटलात?" मी विचारलं. "कुठेच नाही," ते म्हणाले, आणि चिपाचा, चीजच्या पावाचा, चौथा तुकडा उचलला.

"माझ्या हातचं अंगी लागतंय," आई म्हणाली. मग तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि पिठाच्या डब्यामागून एक बाटली काढली. लेबलावर सोनेरी गुडघा होता, आणि संतांच्या डोक्यामागे असतात तसे त्याच्यामागे किरण. नाव: 'सोन्याचा गुडघा'. हळद, मांजरनखी वेलीची साल, कोलॅजेन. शंभर टक्के नैसर्गिक.

"शेजारची पावलिना आणून देते. बोल आता, शून्य का?"

"बाबा हे घेतात?"

"त्याला कुठे माहितीय! त्याला सांगू नकोस हं. जूनमधल्या सान हुआनच्या सणापासून मी सकाळी पुदिन्याबरोबर खलबत्त्यात कुटते आणि तेरेरेच्या पाण्यात घालते. त्याला वाटतं, हात आपले आपणच परत आले. वाटू दे की. पुरुषाला एवढं तरी वाटू द्यावं."

मी बाटली हातात धरून उभी राहिले. सांध्यांची सूज इतक्या लवकर, इतकी पूर्णपणे उतरवणारी वेल मला ठाऊक नव्हती. गोळी ठाऊक होती. शिवाय आमच्या घरात तेरेरेचा तांब्या एकच असतो. आई त्यातूनच पीत होती, आणि दर रविवारी मीही. माझा उजवा खांदा बरेच सोमवार दुखला नव्हता. त्याचं श्रेय मी नव्या उशीला दिलं होतं, तेही तुलनेसाठी जुनी उशी न ठेवता.

"काय झालं?" आई म्हणाली. "चेहरा का असा?"

"यातल्या थोड्या मला दे. प्रयोगशाळेत बघते."

"बघ, बघ. आणि तुझ्या वर्गाला पण सांग."

आयुष्यात पहिल्यांदाच एखादी पूरक कॅप्सूल अगदी निकामी निघावी असं मला मनापासून वाटत होतं. ती निकामी नव्हती. यंत्राने दोन पदार्थ स्वच्छ वेगळे करून दाखवले: एक स्टेरॉइड आणि एक जोरदार वेदनाशामक. लेबलावर दोन्हींपैकी एकाचंही नाव नव्हतं. हळदही होती, रंगापुरती.

त्याच दुपारी मी ओळखीच्या सांधेतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोघांनाही घेऊन यायला सांगितलं. मग आईला फोन केला. माझं पहिलंच वाक्य असं होतं, की ते माझ्याच कानांना खोटं वाटलं. "आई, उद्यापर्यंत कुटणं थांबवू नकोस."

"बघ! म्हणजे चांगलंय ना?"

"नाही." मी समजावलं. शरीर असा एक पदार्थ स्वतःच बनवतं. तो महिनोन्‌महिने बाहेरून आयता मिळाला, की बनवणारी ग्रंथी झोपी जाते. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला, तर माणूस कोसळू शकतो. आणि चालू ठेवला, तर साखर चढते, हाडं झिजतात.

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"मी त्याला विष घातलं का गं?"

"औषध घातलंस. न मोजता."

"तुला साधं 'नाही' म्हणता येत नाही का कधी?"

मी तिला डॉक्टरांची वेळ सांगितली.

सकाळी मी पोचले तेव्हा दोघं आंब्याखाली बसली होती. बाबांचा ठरलेला तांब्या आईने त्यांच्यापुरता वेगळा भरून दिला होता. आपल्या वाट्याचं ती पहाटेच प्यायली होती; माझ्या आणि तिच्या तांब्यात आता नुसतं थंड पाणी होतं, पानांवाचून. बाबांच्या ते लक्षात आलं होतं.

"आज वाटणी का? दोघींनी माझ्याविरुद्ध पक्ष काढलाय की काय?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण आईने हात वर केला. "मीच सांगते," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं: खलबत्ता, पुदिना, पिठाच्या डब्यामागची बाटली. सांगताना ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, त्याच्या हातांकडे पाहत होती. बाबांनी स्वतःच्या साखरेविषयी किंवा हाडांविषयी काही विचारलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"मग वाजवत कोण होतं?"

"तुम्हीच, बाबा. औषधाने फक्त सूज उतरवली. दुसऱ्या वळणावरची घाई कुठल्याही बाटलीत मिळत नाही."

"आता ते बंद होणार."

"हळूहळू. डॉक्टर खरं औषधही सुरू करतील. ते सावकाश चढतं."

"आणि हात?"

"काही प्रमाणात राहतील. किती, ते मला सांगता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. आईने आपला पेला भरला, प्यायली, आणि पेला समोर ठेवून म्हणाली, "आभार." वाढणारीच स्वतःच्या फेरीतून उठते, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. ती पदर सावरत नाही, ऍप्रनला हात पुसते. तसे ते पुसत ती उभी राहिली.

"बस खाली, म्हातारे," बाबा म्हणाले.

"मी आभार म्हटलं."

"मला नाही ऐकू आलं. कान गेलेत माझे. त्याच्यावरही आण काहीतरी पावलिनाकडून." त्यांनी तिचा तांब्या उचलला, पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. बोटं अजून त्यांचं ऐकत होती. "कितीतरी दिवस तू माझ्यासाठी या पोरीची शून्यं विकत आणत होतीस. एकदा चुकून एक आला. त्यात तुझा काय दोष? घे, पाणी गरम होतंय."

ती बसली. पेला तिने घेतला, पण पिताना तिचं नाक वाहत होतं.

पुढचं सगळं रटाळ होतं, आणि उपचार रटाळ असलेलेच बरे. सांधेतज्ज्ञांनी मोजून गोळ्या दिल्या आणि त्या पायरीपायरीने उतरवल्या. आईची वाढलेली साखर खाली आली. मी आरोग्य खात्याला अहवाल पाठवला आणि कुंपणावरून पावलिनालाही सावध केलं. "पण पोरी, मला त्याने इतकं बरं वाटतं!" ती म्हणाली. "म्हणूनच," मी म्हणाले, आणि तिलाही त्याच डॉक्टरांकडे पाठवलं.

बाबांच्या चेहऱ्यावरचा चंद्र ओसरला. दुखणं परतलं, पूर्वीइतकं नाही, पण परतलं. काही सकाळी चादर हार्पवरच राहायची. आई अजून रोज कुटत होती, नुसता पुदिना.

"याचा काही उपयोग असतो का गं?" तिने एकदा हळूच विचारलं.

"सांध्यांसाठी? पुरावा नाही."

"मग थांबवू?"

आतल्या खोलीत बाबा जागे होते. खलबत्त्याचा ठोका ऐकल्याशिवाय ते उठत नाहीत. या ठोक्यांची चाचणी कोणी घेतलेली नाही, आणि मला ती घ्यायची नाही.

"कुट," मी म्हणाले.

ईस्टर उलटल्यावर एका रविवारी गेले, तेव्हा आई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर नेलकटर होतं. दारातच माझे पाय थबकले. त्यांनी डावा हात पुढे केला होता. त्या हाताच्या अंगठ्याची सूज अजून उतरली नव्हती, नख लागलं की तार हिसका द्यायची. आईने एकेक नख सावकाश कापलं. प्रत्येक बोटाला आधी आपल्या तळहातात धरून ऊब देई, मग नख कापी. डावा हात झाला.

तिने उजव्या हातासाठी आपला हात पसरला. बाबांनी उजवा हात उचलला, उन्हात धरला, नखं न्याहाळली आणि मूठ अर्धवट मिटली. पूर्ण ती मिटत नव्हतीच.

"आभार, ब्रिहिदा," ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग नेलकटर ऍप्रनच्या खिशात टाकलं आणि तांब्या जवळ ओढला. थोड्या वेळाने हार्प वाजू लागला. खालचे सूर बिननखांचे, मऊ, थोडे मागे राहणारे. वरचे जुन्यासारखेच टोकदार. दुसरं वळण आलं. त्यांनी घाई केली.

आईने पेला माझ्याकडे दिला. मी प्यायले, परत दिला आणि काही बोलले नाही. तिने तो पुन्हा भरला.